ज्याच्या नावावर गाडी

गाडीच्या कंपनीनं केलेल्या या फसवणुकीतून मास्तरांचा फायदा तीन प्रकारचा होणार होता. पहिला रोख. कंपनी जी भरपाई देणार म्हणत होती, तिच्यात एखादी जुनी गाडी निम्मी आली असती. दुसरा फायदा बोलण्याचा. ही डिझेल गाडी मास्तरांच्या गळ्यात त्यांच्या साडूनं मारली होती आणि भर शोरूममध्ये, चारचौघांदेखत तो म्हणाला होता, "हिच्या धुरापेक्षा तुमच्या चहाची वाफ जास्त." आता उरलेला जन्मभर साडूला टोमणे मारायचा परवाना मास्तरांना मिळणार होता, आणि त्याची किंमत ते रोखीपेक्षा वरचढ धरत होते. तिसरा फायदा न्यायाचा. न्यायातून हातात नेमकं काय पडतं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण बेरजेत तो धरलेला होता.

मास्तरीणबाईंच्या बाजूला त्या वेळी काहीच नव्हतं. बैठकीच्या चहाचा खर्च तेवढा होता.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. रस्त्याला लागून वर्गाची खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, मधे एक जाड पडदा आणि पडद्यामागे मास्तरीणबाईंचं शिलाई मशीन. त्या शिकवत वगैरे नसत, पडदे शिवत. पण नवरा मास्तर म्हटल्यावर लोकांनी बायकोला ती पदवी फुकटात देऊन टाकली होती. घर वरच्या मजल्यावर, आणि तिथं मास्तरांची आई. मास्तरांचा सगळा धंदा आवाजावर चालायचा. "अरे आंधळ्या, आरसा काय भांग पाडायला दिलाय?" ही गर्जना कोपऱ्यापर्यंत जायची, आणि दुसरीकडे दोनदोनदा नापास झालेली मंडळी ती ऐकून मुद्दाम इकडे यायची. घरातही हाच आवाज. मीठ कमी पडलं तर खालच्या वर्गाला कळायचं.

त्या मॉडेलच्या मालकांची पहिली बैठक याच वर्गात भरली. अध्यक्ष म्हणून एका निवृत्त ऑडिटरांची निवड झाली, कारण ते एकटेच फाइल घेऊन आले होते. त्यांच्या शेजारी एक दंतवैद्य बाई. बाकीचे मागच्या बाकांवर, जसे बैठकीत लोक बसतात तसे, म्हणजे निघून जायची सोय बघून.

फसवणूक काय होती ते मास्तरांनी खुर्चीवर बसून, हातात नसलेलं स्टिअरिंग धरून समजावलं.

"धुराची तपासणी कशी होते? गाडी रोलरवर चढवतात. चाकं गरगर फिरतात, गाडी जागची हलत नाही. बरोबर? मग स्टिअरिंग कोण वळवणार? कुणी नाही. या चोरांनी गाडीच्या मेंदूत भरून ठेवलंय, चाकं फिरतायत आणि स्टिअरिंग गप्प आहे, म्हणजे साहेब बघतायत. पोट आत, छाती पुढे, धूर बंद! आणि रस्त्यावर पहिलं वळण आलं की हिला कळलं, साहेब गेले. मग काय, सोड धूर!"

"म्हणजे आमच्या चिरंजीवांसारखीच," दंतवैद्य बाई म्हणाल्या. "मी खोलीत आहे तोवर पुस्तक उघडं."

ऑडिटरांनी पेन वाजवलं. "मुद्द्यावर या. रास्त भरपाई म्हणजे काय? माझ्या मते गाडी विकायला काढली तर आता जितकी कमी किंमत येईल, तितकी."

"मी कशाला विकू?" दंतवैद्य बाई म्हणाल्या. "मी जास्त पैसे मोजून स्वच्छ गाडी घेतली होती. ती स्वच्छ नाही, तर ते जास्तीचे पैसे परत द्या. सगळे."

"पण बाई, वापरलीत ना इतकी वर्षं? वापर वजा जाणार."

"गाडी वापरली. धूर नाही वापरला मी."

"आणि अपमानाचं काय?" मास्तर गरजले. "मला ही माझ्या साडूनं विकलीय!"

"साडू नुकसानीच्या व्याख्येत बसत नाही," ऑडिटर म्हणाले, आणि वर्ग खो खो हसला.

मास्तरीणबाई चहाचा ट्रे घेऊन पडद्यातून बाहेर आल्या होत्या. कप ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारलं, "आणि या गाड्यांच्या मागे जे उभे राहिले, त्यांना काय मिळणार?"

ऑडिटरांनी फाइल चाळून पाहिली.

"वहिनी, ते पक्षकार नाहीत," ऑडिटर म्हणाले. मग त्यांना बरं वाटावं म्हणून, "चहा झकास झालाय हं."

कंपनीचा निरोप घेऊन आला तो साडूच. कंपनीनं त्याला 'समन्वयक' नेमलं होतं. ज्यानं विकलं त्यालाच समजूत घालायला पाठवलं की पगार एकच पडतो. तो वर्गात शिरला तेव्हा मास्तरांनी चहाचा कप त्याच्या नाकाशी धरला. "बघ, बघ, वाफ जास्त आहे की धूर?"

"मास्तर, टोमणे नंतर. आधी फायद्याचं ऐका." साडूचं हसू शोरूमच्या काचेसारखं होतं, कायम नुकतंच पुसलेलं. "गाडी दुरुस्त करून घ्या, त्याच दिवशी रक्कम खात्यात. नाही तर कोर्ट. कोर्टात दुप्पटही मिळेल. तुमच्या नातवंडांना."

"दुरुस्ती म्हणजे काय करता?"

"गाडीचा मेंदू नवा भरतो. मग ती प्रत्येक रस्ता तपासणीच समजते. कायमची. ओढ थोडी कमी होते म्हणतात, पण वागायला एकदम सज्जन. फक्त एक आहे, गाडी ज्याच्या नावावर त्यानंच चालकाच्या जागी बसायचं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, भरणं पूर्ण होईपर्यंत हलायचं नाही."

"मी माणूस पाठवतो," ऑडिटर म्हणाले.

"मालकच लागतो, साहेब."

"का?"

"पद्धत आहे," साडू म्हणाला, आणि पुढचं कुणी विचारलं नाही, कारण रक्कम किती तो आकडा त्यानं लगेच सांगितला.

मास्तरीणबाई मात्र कप गोळा करताना थांबल्या. "भाऊजी, इतक्या जणांना विकलीत, स्वतः का नाही हो घेतली ही गाडी?"

"मला शोरूमची रोज वेगळी मिळते ना!" साडू म्हणाला आणि घड्याळात बघून निघाला. पाच मिनिटांत कुठंतरी पोचायचं होतं त्याला. त्याला नेहमीच पाच मिनिटांत कुठंतरी पोचायचं असायचं.

ऑडिटर पहिल्याच दिवशी गेले. मागोमाग दंतवैद्य बाई, मग बाकीचे. मास्तर दुपटीच्या आशेवर काही दिवस ताणून बसले, पण शेजारच्या खात्यात पैसे जमा झाल्याचं कळलं की माणसाचं तत्त्व सैल पडतं. एका सकाळी त्यांनी गाडी काढली. "हात धरून बसवणार म्हणे मला, दुधखुळ्या पोरासारखं! मला! ज्यानं अर्ध्या शहराला हात धरून शिकवलं!" हे सगळं कोपरा वळेपर्यंत ऐकू येत राहिलं.

दुपारी गाडी परत आली तेव्हा मास्तरीणबाईंना कळलंच नाही. आवाज आला नाही. त्यांनी मान वर केली तर गाडी दारात उभी, फुटपाथच्या कडेला आखून लावल्यासारखी. मास्तर पडद्यापाशी आले आणि म्हणाले,

"आपण जेवलात का?"

मास्तरीणबाईंनी मागे वळून पाहिलं, पाहुणं कोण आलंय म्हणून.

पहिले काही दिवस त्यांनी हे जमेच्या बाजूला मांडलं. का मांडू नये? ओरडणं बंद. ताट उचलून जागेवर जाऊ लागलं. मीठ कमी पडलं तर मास्तर मागून घेत, आणि नुसतं म्हणत, "आभारी आहे." भरपाई खात्यात आली होती. अशा नवऱ्यासाठी बायका पैसे मोजतील, आणि यांना उलट पैसे मिळाले होते.

मग बारीकसारीक गोष्टी नजरेला टोचू लागल्या. मास्तरांची मान वळायची नाही. बाजूनं हाक मारली तर ते आधी थांबत, मग खांदे, कंबर, पाय असं सगळं अंग एकदम वळवून समोर येत, कपाट सरकवल्यासारखं. जेवायला बसले की दोन्ही हात टेबलाच्या कडेवर, नेमके स्टिअरिंगवर धरतात तितक्या अंतरावर. घास घेताना एक हात उठायचा, परत जागेवर जाऊन बसायचा. दुपारी आडवे झाले तर पाठीवर, सरळ, आणि झोपेत दोन्ही हात छातीच्या वर हवेत धरलेले. मास्तरीणबाईंनी एकदा ते हळूच खाली दाबून ठेवले. हात गार नव्हते, गरमही नव्हते. खोली सोडून त्या दारापर्यंत गेल्या आणि वळून पाहिलं, तोवर हात परत वर आलेले होते.

त्यांच्या अंगाचा वासही गेला होता. घामाचा, दाढीच्या साबणाचा, पेट्रोलपंपाचा, सगळा. उशी हुंगली तर नुसतं कापड.

मास्तरीणबाईंना वाटलं, माणूस चारचौघांत सज्जन असतो, एकटा पडला की सैलावतो, तेव्हा बघावं. त्यांनी बाजारात जाते म्हणून चप्पल वाजवली आणि पडद्यामागे येऊन फटीतून पाहत राहिल्या. वर्गात कुणी नव्हतं. मास्तर खुर्चीवर ताठ बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. ना खाजवणं, ना जांभई, ना खिडकीकडे नजर. चेहरा इतका नम्र, की जणू पाठीमागे कुणीतरी नळी लावून उभं आहे आणि आत काय आहे ते मोजतंय. मास्तरीणबाईंनी त्यांच्या पाठीमागे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. तरी त्या पडद्यामागून लवकर बाहेर आल्या नाहीत.

वर आई एक दिवस कुजबुजल्या, "सूनबाई, हे पाहुणे कधी जाणार गं?"

"कोण पाहुणे, आई?"

"हेच. फार सभ्य आहेत, मला उठायलासुद्धा हात देतात. पण ते गेल्याशिवाय आमचा येणार नाही. त्याचा आवाज नसला की मला दुपारची झोप लागत नाही."

धंदा बसत चालला. गाडी फुटपाथवर चढली तर मास्तर म्हणत, "हरकत नाही. पुन्हा प्रयत्न करा." खांबाला घासली तरी हरकत नाही. एक शिकाऊ मुलगी रडत पडद्यामागे आली. "काकू, सर माझ्यावर रागावलेत का? मग ओरडत का नाहीत?"

महिनाअखेरीला मालकांची शेवटची बैठक होती. मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. बाहेर त्याच मॉडेलच्या गाड्या एका रेषेत. आत माणसं एका रेषेत. मागच्या बाकावर आज कुणी रेललेलं नव्हतं. सगळे ताठ, हात मांडीवर तेवढ्याच अंतरावर, नजर समोरच्या वाहतुकीच्या खुणांवर. ऑडिटर फाइलमधलं वाचत होते. "भरपाई रास्त आहे. कुणाची हरकत?"

"हरकत नाही," वर्ग म्हणाला. एकदम म्हणाला, पण मोठ्यानं नाही.

दंतवैद्य बाईंच्या उजवीकडे मास्तरीणबाईंनी कप ठेवला. बाईंचा हात सरळ पुढे गेला, तिथं कप नव्हता, हात परत आला. पुन्हा पुढे गेला. कप वीतभर बाजूला निवत होता.

"अहो!" मास्तरीणबाईंच्या तोंडून नवऱ्याला हाक गेली. फार मोठ्यानं गेली.

सगळे वळले. मान कुणाचीच वळली नाही. बाक आणि खुर्च्या फरशीवर खरडल्या, आणि अख्खा वर्ग अंगानिशी त्यांच्याकडे तोंड करून बसला. इतकी माणसं, आणि चेहऱ्यावर एकच अदब. ते वाट बघत होते. मास्तरीणबाईंना कळेना की आता आपण काय तपासायचं.

"चहा घ्या," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आभारी आहोत," वर्ग म्हणाला.

त्या दिवशी त्यांनी जमेची बाजू खोडून टाकली. त्यांना नवरा परत हवा होता. दुसरं काही नको होतं. पण तो कुणाकडे मागायचा? साडूला फोन केला तर तो म्हणाला, "दुरुस्ती उलटी करणं गुन्हा आहे, मास्तरीणबाई. आणि तक्रार नेमकी काय लिहू? नवरा चांगला वागतो?"

वाट सापडली ती पडद्यांच्या कामात. दंतवैद्य बाईंच्या दवाखान्याच्या खिडक्यांची मापं घ्यायला त्या गेल्या, तर बाई खुर्चीत पाय पसरून, तोंड वासून जांभई देत होत्या. "या हो! हा मेला पंखा बघा, हवा सोडून सगळं देतो." आणि मान तिरकी करून त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

मास्तरीणबाईंच्या हातातली टेप गळून पडली. "बाई, तुमची मान!"

दंतवैद्य बाईंनी उठून दार लावलं. "गाडी विकली मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सहजच विकली हो, ओढ नव्हती राहिली. कागदावर दुसऱ्याचं नाव चढलं, आणि त्याच दुपारी मला शिंक आली. इतक्या दिवसांनी पहिली शिंक. मग आठवलं की मी कितीतरी दिवसांत हसलेच नव्हते."

"आत असताना कसं वाटतं?"

"वाटतच नाही काही. कुणीतरी बघतंय, एवढंच. सारखं. आणि चुकायचं नाही."

"आणि ज्यांनी गाडी घेतली, ते?"

"नवा मालक झाला की त्याला वर्कशॉपमध्ये पुन्हा तसंच बसवतात. नियम आहे." दंतवैद्य बाई खिडकीकडे बघू लागल्या. "कुणाला विकली ते मात्र विचारू नका. पडदे गडद रंगाचे करा. समोरचं दिसायला नको."

म्हणजे दुरुस्ती गाडीच्या मालकाला चिकटलेली होती. गाडी कुणाच्या तरी नावावर असणारच. प्रश्न एवढाच होता, कुणाच्या. घरी येईपर्यंत मास्तरीणबाईंनी सगळी नावं चाळून पाहिली. स्वतःचं पाहिलं आणि पटकन पुढे गेल्या. अनोळखी गिऱ्हाइकाचं पाहिलं. पण त्यांच्या मनात गिऱ्हाइकाला तोंड फुटलं, मागे बायको-मुलं उभी राहिली. मग एक नाव असं सापडलं की त्यांना हसूच आलं. ज्यानं विकली, त्यानंच घ्यावी! याहून रास्त भरपाई कोणती? ऑडिटरांच्या व्याख्येत साडू बसत नव्हता, यांच्या व्याख्येत चपखल बसत होता.

रविवारी ताई आली. ताई म्हणजे मास्तरीणबाईंची थोरली बहीण, साडूची बायको. मास्तरांनी तिला दार उघडलं, पाणी दिलं, "आपला प्रवास सुखाचा झाला ना?" म्हणून विचारलं. ताई गालावर हात ठेवून बघत राहिली.

"काय जादू केलीस गं? मला दे की असा नवरा. आमचे 'पाच मिनिटांत येतो' म्हणतात ना, तेवढ्यात माझे कपडे धुवून, वाळून, घड्या होतात. खरं बोलायचं म्हणजे त्यांना ठसकाच लागतो."

मास्तरीणबाईंनी तिला पडद्यामागे बसवलं. "ताई, आमची गाडी घेता का? स्वस्तात देते. भाऊजींना कधी स्वतःची गाडी नाही, शोरूमच्या गाडीवर किती दिवस मिरवणार?"

"खरंच देशील?" ताईनं किंमत ऐकली आणि तिचे डोळे चमकले. "खोट-बिट नाही ना गं काही? ती धुराची भानगड होती ना?"

"दुरुस्त झालीय. प्रमाणपत्र आहे."

यातला शब्दन् शब्द खरा होता.

"भाऊजींच्या नावावर करा मात्र," त्या म्हणाल्या. "त्यांचा मान राहील."

"बाई गं, कित्ती विचार करतेस तू आमचा," ताई म्हणाली आणि तिनं धाकट्या बहिणीचा गाल ओढला. ती नेहमीच ओढायची. मास्तरीणबाईंना त्या दिवशी तो दुखला.

विक्रीच्या कागदांवर सही करायला मास्तरांनी काही खळखळ केली नाही. सगळं नियमात होतं. फक्त सही करायच्या आधी त्यांनी सबंध अंग वळवलं आणि विचारलं, "घेणाऱ्यांना आपण सर्व माहिती दिली आहे ना?"

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी मान डोलवली नाही, सही केली.

साडू गाडी घेऊन गेला तेव्हा हसतच होता. त्यानं घासाघीसही केली नाही, आणि मास्तरीणबाईंना तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण घासाघीस न करणारा विक्रेता त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण त्यांचे कान वर्गाकडे लागलेले होते. नाव चढायच्या दिवशी त्या मशीनवर बसल्या आणि एक लांब पडदा दुमडायला घेतला. दुपार कलली. वर्गात सामसूम. मग खुर्ची सरकली. पावलं. काहीतरी धाडकन आपटलं.

"हा स्टूल इथं कुठल्या गाढवानं ठेवला? आंधळे झालात काय सगळे?"

मास्तरीणबाईंचा पाय मशीनवरून उठलाच नाही. शिवण सबंध पडदाभर वाकडी गेली, आणि त्या ती वाकडी जाताना बघत राहिल्या, डोळे पुशीत.

"आणि गाडी कुठाय माझी? काय? साडूला? एवढ्याशा पैशात? अगं डोकं फिरलंय का तुझं? चार पैसे जास्त मागायला तोंड शिवलं होतं का?"

"हो हो, शिवलं होतं," त्या म्हणाल्या. "ओरडा अजून."

वरच्या मजल्यावरून आईंचा आवाज आला, "आला वाटतं!" आणि थोड्या वेळानं त्यांचं घोरणं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई ताईकडे निघाल्या. खरं सांगायचं तर थोडी मजा बघायला निघाल्या. साडू ताठ बसलेला असेल, गिऱ्हाइकाला फोनवर खरं सांगत असेल, आणि ताई हसून हसून सांगेल. गाडी इमारतीखाली आखून लावल्यासारखी उभी होती. त्यांनी घंटी वाजवली.

दार ताईनं उघडलं. ती समोर बघत होती. धाकटी बहीण दाराच्या जरा डाव्या अंगाला उभी होती, तर ताईचे आधी पाय हलले, मग कंबर, मग खांदे.

"या," ताई म्हणाली. "आपण काय घेणार?"

आतून साडूचा आवाज येत होता. "पाच मिनिटांत! हा काय, कोपऱ्यावरच आहे!" तो फोन ठेवून बाहेर आला, मान वळवून बायकोकडे पाहिलं, मग मेहुणीकडे.

"बाईमाणसाच्या नावावर कर कमी लागतो," तो म्हणाला.

मास्तरीणबाई उंबरा ओलांडून आत आल्या. "तुम्हाला माहीत होतं."

"इतक्या मालकांना खुर्चीत बसवलं मी, आंधळा आहे का? तुम्हाला नव्हतं माहीत?" तो हसत नव्हता आता. हसू नसलं की त्याचा चेहरा कुणाचाही असू शकला असता. "मी विचारलं होतं हिला, तुझ्या बहिणीनं गाडीबद्दल काही सांगितलंय का म्हणून. ती म्हणाली, दुरुस्त आहे, प्रमाणपत्र आहे. तिची खात्री पटली होती. मग मी कशाला मोडता घालू?"

"परत करा गाडी. आत्ताच्या आत्ता."

"करतो की." साडूनं खिशातून पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. "कुणाच्या नावावर करू, बोला."

ताई खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर, तेवढ्याच अंतरावर. तिच्या केसांतून बट सुटून डोळ्यावर आली होती आणि ती बाजूला करायला तिचा हात उठत नव्हता. मास्तरीणबाईंनी ती बट कानामागे सारली. ताईच्या केसांना तेलाचा वास यायचा, लहानपणापासून. त्यांनी नकळत हुंगून पाहिलं आणि हात मागे घेतला.

"आभारी आहे," ताई म्हणाली.

स्वतःचं नाव मास्तरीणबाईंच्या जिभेच्या टोकावर होतं. अगदी टोकावर. घरी मास्तर मिठावरून ओरडत असतील, आई त्या आवाजात झोपल्या असतील. साडू पेन धरून उभा होता, घाई नसलेल्या माणसासारखा.

"विचार करून सांगते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

तो विचार अजून चालू आहे. दर आठवड्याला त्या ताईकडे जातात आणि तिला वळावं लागू नये म्हणून बरोबर समोर बसतात. ताई विचारते, आपण जेवलात का. त्या हो म्हणतात. गाल ओढायला तिचा हात येत नाही.

तर शेवटचा हिशेब असा. कंपनीनं भरपाई दिली आणि नव्या गाड्यांच्या किमतीत ती हळूच वसूल केली, म्हणजे तिचं काही गेलं नाही. ऑडिटरांची फाइल बंद झाली. मास्तरांना भरपाई आणि विक्री मिळून एक जुनी पेट्रोल गाडी आली, आवाज परत मिळाला आणि आवाजामागून गिऱ्हाईक परत आलं; साडूला टोमणे मारायचा परवाना मात्र बायकोनं रद्द केला, का ते त्यांना सांगितलेलं नाही. साडूला कर कमी लागला, बढती मिळाली आणि घरी कितीही उशिरा गेलं तरी कुणी विचारत नाही. गाड्यांच्या मागे उभे राहणारे पक्षकार नव्हतेच. मास्तरीणबाईंना नवरा मिळाला. भरणा सगळा ताईनं केला, आणि तिला तर गाडी चालवताही येत नव्हती.